वाचकांचे प्रश्न : ओट्यावरचे डाग, चोपणातलं जिप्सम आणि विहिरीतले 'हिरे'

दगड आणि खनिजांविषयी प्रश्न मागवले तेव्हा देवळं, किल्ले आणि लेण्यांबद्दल पत्रं येतील अशी आमची अटकळ होती. आली ती ओटा, शेत, फौंड्री आणि विहीर यांबद्दल. बरंच झालं. उत्तरं वाचण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे आणि पश्चिमेच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, जांभा. चुनखडी, जिप्सम, मीठ, टाकणखार (बोरॅक्स) हे सगळं बाहेरून येतं आणि बाजारातल्या नावानं विकलं जातं. नाव एक आणि आतला घटक दुसरा, असं झालं की अडचण सुरू होते.

प्रश्न : आमच्या ओट्याला काळा कडप्पा आहे. लिंबू, कोकम सांडलं तिथे पांढुरके डाग पडलेत, घासून जात नाहीत. आता ओटा नवा करायचा आहे. दुकानात काळा ग्रॅनाइट, मार्बल, क्वार्ट्झ असं बरंच दाखवतात. काय घ्यावं? (राजारामपुरी)

उत्तर : ते डाग नाहीत, म्हणून घासून जात नाहीत. तेवढ्या जागी दगडच झिजला आहे. कडप्पा ही आंध्रातून येणारी काळी चुनखडी. चुनखडीतलं मुख्य खनिज कॅल्साइट, आणि ते आम्लात विरघळतं. लिंबू, कोकम, चिंच, व्हिनेगर, टोमॅटो या सगळ्यांत आम्ल असतं. पॉलिश केलेला वरचा थर खाल्ला गेला की तिथला भाग खडबडीत होतो, उजेड विखुरतो आणि काळ्यावर पांढुरकं दिसतं. शहाबादी आणि कोटा याही चुनखडीच आहेत. संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाखाली बदललेली चुनखडी. हे सगळे दगड जमिनीला उत्तम, शेगडीच्या शेजारी नकोत.

जुना ओटा काही दिवस चालवायचा असेल तर पाण्यावर चालणारा पॉलिश पेपर आणा. आधी २२०, मग ४००, मग ८०० नंबर, दरवेळी भरपूर पाणी घालून गोल फिरवत घासा. फक्त डागावर न घासता आजूबाजूचा वीतभर भागही घ्या, नाहीतर तिथे खळगा दिसतो. कोरडं झाल्यावर दगडासाठी मिळणारं सीलर लावा. खोबरेल तेल लावण्याची पद्धत आहे खरी, पण खाद्यतेल काही दिवसांत चिकट होऊन कुबट वास मारतं. आणि सीलर लावलं म्हणून आम्लाचा परिणाम थांबत नाही, पाणी मुरण्याचं तेवढं कमी होतं.

नव्या ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट घ्यायला हरकत नाही. भूशास्त्राच्या हिशेबानं त्यातले बहुतेक दगड ग्रॅनाइट नसतातच, ते डोलेराइट किंवा गॅब्रो असतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांत कॅल्साइट जवळजवळ नसतं, म्हणून लिंबू त्यांना काही करत नाही. फसवणूक होते ती दुसरीकडे. राखाडी, सच्छिद्र दगडाला काळा रंग किंवा तेल पाजून 'जेट ब्लॅक' म्हणून विकतात. दुकानातून त्याच मालातला एक तुकडा मागून घ्या आणि घरी तीन गोष्टी करा. पॉलिशच्या बाजूवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब पंधरा मिनिटं ठेवून पुसा. चकाकी गेली तर त्यात चुना आहे. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन जोरात घासा; फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. मग मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका; पाच मिनिटांत तो मुरून मोठा गडद डाग पडला तर दगड पाणी पितो, हळदही पिणार.

'क्वार्ट्झ' म्हणून जो फळा मिळतो तो गारेचा, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाचा, चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या डिंकात, बसवून केलेला असतो. गारेला काही होत नाही, पण रेझिनला उष्णता सोसत नाही. गॅसवरची कढई उचलून थेट त्यावर ठेवायची सवय असेल तर तो घेऊ नका.

जाडी १८ ते २० मिलिमीटर पुरते, मात्र सिंकच्या पुढची अरुंद पट्टी हमखास तडकते. तिच्याखाली कडप्प्याची पट्टी आधाराला द्या. तिथे कडप्पा अगदी योग्य आहे. आणि संडास-बाथरूमचं ॲसिड कोणत्याही ओट्यावर नको.

प्रश्न : नदीकाठच्या उसाच्या रानात जागोजागी पांढरं फुटतं, काही भागात पाणी मुरतच नाही. एकरी किती जिप्सम टाकू? शेजारी म्हणतात दहा पोती टाक. (शिरोळ तालुका)

उत्तर : आधी पोती विसरा आणि माती तपासून घ्या. तुमच्या एका वाक्यात दोन वेगळे आजार आहेत. वर पांढरे क्षार फुटतात ती क्षारयुक्त जमीन. तिची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, पण सामू (पीएच) साधारण ८.५ च्या आत असतो. तिला जिप्सम लागत नाही. निचरा आणि चांगल्या पाण्यानं धुणं लागतं. दुसरी ती चोपण. तिच्यात सामू ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर. ओली असताना राड, वाळली की दगड, आणि वर पाणी तळ्यासारखं साचून राहतं. जिप्समचं काम हिच्यात. दोन्ही दोष एकत्र असलेले पट्टेही असतात, म्हणून नमुने पट्ट्यापट्ट्याचे वेगळे घ्या, सगळ्या रानाची मिसळ करू नका.

सोडियम मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो. ते पाण्यात पसरून बारीक छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी मुरत नाही. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो, कण पुन्हा गोळा होतात, आणि सुटलेला सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली जातो. खाली जायला वाट असेल तर. वाट नसेल तर तो तिथेच फिरत राहतो आणि उन्हाळ्यात परत वर येतो. जिप्सम टाकूनही गुण नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक रानांत चूक इथेच असते. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं आहे. आधी चर किंवा पाइप, मग जिप्सम, हा क्रम उलटा करू नका.

आता हिशेब. वरच्या १५ सेंटीमीटर मातीतला १०० ग्रॅमला १ मिलिइक्विव्हॅलंट (माती तपासणीच्या अहवालातलं एकक) सोडियम हटवायला एकरी सुमारे ७८० किलो शुद्ध जिप्सम लागतं. समजा तुमच्या काळ्या मातीची विनिमय क्षमता, म्हणजे कॅल्शियम-सोडियमसारखे घटक धरून ठेवण्याची ताकद, १०० ग्रॅमला ५० मिलिइक्विव्हॅलंट आहे आणि त्यात सोडियम २० टक्के. तो १० टक्क्यांवर आणायचा म्हणजे ५ मिलिइक्विव्हॅलंट हटवायचा. ५ गुणिले ७८० म्हणजे ३.९ टन. बाजारातलं शेतीचं जिप्सम ७५ टक्के शुद्ध धरलं तर ५.२ टन. पन्नास किलोची दहा पोती म्हणजे अर्धा टन. शेजाऱ्यांचा सल्ला दहापटीनं कमी पडतो. एवढं एकदम परवडत नाही आणि टाकूही नये. प्रयोगशाळेच्या अहवालात जिप्समची गरज लिहिलेली असते, तिच्या निम्मं यंदा आणि उरलेलं पुढच्या तपासणीनंतर.

मे महिन्यात नांगरट करून रान सपाट करा आणि बांध घाला. जिप्सम जितकं बारीक तितकं चांगलं. सारखं विस्कटून वरच्या दहा-पंधरा सेंटीमीटरमध्येच कुळवून मिसळा, खोल गाडू नका. मग पाणी. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. नुसत्या विरघळण्याच्या हिशेबानं वरच्या उदाहरणातल्या ३.९ टनांना एकरभर चाळीस सेंटीमीटर पाणी लागेल. मातीत अदलाबदल चालू असते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी लागतं, पण पाच-दहा सेंटीमीटरच्या एका पाळीत हे काम होत नाही एवढं नक्की. शिरोळचा पाऊस गगनबावड्यासारखा नाही, त्यामुळे नुसत्या पावसावर विसंबू नका. विहिरीचं पाणीच खारट असेल तर नदीचं वापरा. पाण्याच्या दोन-तीन पाळ्या झाल्या की धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून फुलोऱ्यात गाडा.

माती फुसफुसणारी असेल, म्हणजे ढेकळावर सौम्य आम्ल टाकल्यावर बुडबुडे येत असतील, तर तिच्यात चुनखडी आहेच. तिथे गंधकही चालतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल मातीतल्याच चुन्यातून कॅल्शियम मोकळा करतं. १०० किलो शुद्ध जिप्समचं काम सुमारे १९ किलो गंधक करतं, पण त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे द्यावे लागतात.

प्रश्न : उपवासाचं सैंधव रोजच्या जेवणात वापरलं तर जास्त चांगलं का? (मंगळवार पेठ)

उत्तर : सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ, पूर्वी बहुतेक करून पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून येणारं. आपल्याकडे हिमाचलात मंडी भागातही ते निघतं. त्यात ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी छटा लोहाच्या ऑक्साइडची. रक्तदाबाच्या दृष्टीनं दोन्ही मिठं सारखीच. फरक आयोडीनचा. पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती येईपर्यंत किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं लागतं. सैंधवात ते मुद्दाम घातलेलं नसेल तर नसल्यातच जमा. रोजचं मीठ आयोडीनचं ठेवा, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर. उपवासाला सैंधव खुशाल खा.

प्रश्न : फौंड्रीत नुकताच शिकाऊ म्हणून लागलो आहे. मोल्डिंगची वाळू कोकणातून येते. आपल्याकडे क्रशरवर काळ्या दगडाची वाळू ढिगानं पडलेली असताना लांबून कशाला आणतात? आणि कास्टिंगला ब्लो होल का येतात? (शिरोली एमआयडीसी)

उत्तर : क्रशरची वाळू काँक्रीटला चांगली, साच्यात घातली तर कास्टिंगला चिकटून बसेल. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात १३५० ते १४०० अंश सेल्सिअसला. बेसॉल्ट हजार ते बाराशे अंशांतच वितळायला लागतो, कारण तो मुळात गोठलेला लाव्हाच आहे. गार, म्हणजे सिलिका, सतराशे अंशांच्या पुढे वितळते. म्हणून सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरातली सिलिका वाळू घाट चढून शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात येते. नदीची वाळूही नको, कारण तिच्यात शिंपले आणि चुनखडीचे कण असतात. ते तापले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि साच्यात वायू नको असतो.

ओल्या वाळूच्या साच्यात साधारण ६ ते ८ टक्के कामाचं बेंटोनाइट, ३ ते ५ टक्के कोळशाची भुकटी आणि ३ ते ४ टक्के पाणी असतं. बाकी वाळू, तीही बरीचशी फिरून आलेली. बेंटोनाइट ही कच्छकडून येणारी माती. तिचे पापुद्रे पाणी पिऊन फुगतात आणि कणांना कणांशी बांधतात. मिक्सरमध्ये आधी वाळू आणि पाणी घ्या, मग बेंटोनाइट. कोरड्या वाळूत बेंटोनाइट टाकून वर पाणी ओतलं की गोळे होतात आणि निम्मं बेंटोनाइट बांधणीला न लागता वाया जातं. कोळशाची भुकटी कशाला? धातू आत आला की ती जळून कणांवर चकचकीत कार्बनचा पातळ थर धरते, त्यामुळे धातू वाळूला चिकटत नाही. तुमच्या कास्टिंगवर वाळू भाजून बसत असेल तर भुकटीचं प्रमाण बघा, आणि ओतण्याचं तापमान उगाच जास्त नाही ना तेही.

ब्लो होलचं, म्हणजे वायूमुळे कास्टिंगला पडणाऱ्या भोकांचं, पहिलं कारण पाणी. एक ग्रॅम पाण्याची शंभर अंशांनाच १.७ लिटर वाफ होते, आणि साच्यात तापमान कितीतरी जास्त. ही वाफ वाळूच्या फटींतून बाहेर पडली नाही तर धातूत शिरते. म्हणजे नुसता ओलावा कमी करून भागत नाही. वाळू फार बारीक असेल, जुन्या वाळूत धूळ साठली असेल, किंवा ठोकून ठोकून साचा घट्ट केला असेल तर ओलावा बरोबर असूनही भोकं पडतात. बेंटोनाइट सहाशे अंशांच्या पुढे तापलं की कायमचं मरतं, त्यातलं रचनेचं पाणी निघून जातं आणि मग कितीही पाणी घाला, ते फुगत नाही. हे मेलेलं बेंटोनाइट धूळ म्हणून राहतं, पाणी मात्र पितं. त्यामुळे 'वाळू कोरडी वाटते, अजून पाणी मार' असं होतं आणि भोकं वाढतात. अशा वेळी पाणी वाढवू नका. जुनी वाळू काढा, नवी घाला, धूळ ओढून घ्या.

आणखी एक खोड गारेची स्वतःची आहे. ५७३ अंशांना तिची स्फटिकरचना बदलते आणि ती एकदम फुगते. साच्याचा वरचा थर फुगला, मागचा थंड राहिला, की वरचा पापुद्रा उचकटतो आणि त्याच्यामागे धातू शिरतो. कास्टिंगवर खपली धरल्यासारखा जाड ओबडधोबड भाग दिसतो तो हाच. अति ठोकणं कमी करणं, बेंटोनाइट पुरेसं ठेवणं आणि कोळशाच्या भुकटीनं फुगायला जागा देणं हे त्यावरचे उपाय.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. साचे फोडताना आणि कास्टिंग साफ करताना उडणारी गारेची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. धुळीसाठीचा नीट बसणारा मास्क लावा, झाडण्याऐवजी पाणी मारून किंवा व्हॅक्युमनं साफ करा, आणि अंगावरची धूळ हवेच्या पाइपनं झटकण्याची जी सवय सगळीकडे दिसते ती लावून घेऊ नका.

प्रश्न : चांदीचा दागिना झाळताना टाकणखार फुगतो आणि झाळ जागेवरून सरकते. काय करावं? (हुपरी)

उत्तर : टाकणखाराच्या खड्यात वजनानं ४७ टक्के पाणीच असतं. ज्योत लागली की ते उकळून बाहेर पडतं, टाकणखार फुगतो आणि झाळेचे, म्हणजे जोडायच्या धातूचे, तुकडे उचलून टाकतो. आधीच लाही करून घ्या. लोखंडी कढईत मंद आचेवर टाकणखार फुगून कोरडा होईपर्यंत तापवा, गार झाल्यावर कुटा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. उघडा राहिला तर हवेतला ओलावा पुन्हा पितो. लेप करून लावत असाल तर लेप सुकू द्या, लांबून ज्योत फिरवून पाणी घालवा आणि मगच झाळ ठेवा.

टाकणखार ७४३ अंशांच्या आसपास काचेसारखा वितळतो आणि चांदीत मिसळलेल्या तांब्याचं ऑक्साइड पोटात घेतो, म्हणून जोड स्वच्छ राहतो. चांदी स्वतः ९६२ अंशांना वितळते, म्हणजे हाताशी अंतर फार नाही. काम झाल्यावर उरलेली काच खरवडू नका; तुरटीच्या गरम पाण्यात उकळली की सुटते. झाळेत कॅडमियम आहे का हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. त्याचा धूर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही खातो. बंद खोलीत तर तसली झाळ वापरूच नका.

प्रश्न : पुराच्या दिवसांत नळाला गढूळ पाणी येतं. तुरटी किती फिरवायची? नुसत्या तुरटीनं पाणी पिण्याजोगं होतं का? (प्रयाग चिखली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. काही जंतू गाळाबरोबर बसतात, पण कावीळ आणि जुलाब व्हायला उरलेले पुरेसे असतात.

मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं आणि त्याचा चिकट कापसासारखा साका होऊन कण त्यात अडकतात. अंदाजानं खडा फिरवण्यापेक्षा मोजून करा. १० ग्रॅम तुरटी १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. या पाण्याच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी आली. आता चार बाटल्यांत एकेक लिटर गढूळ पाणी घेऊन त्यांत ३, ५, ७ आणि १० मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग पाच-सात मिनिटं हळूहळू, आणि अर्धा तास हलवू नका. ज्या सर्वांत कमी मात्रेत वरचं पाणी निवळलं ती आजची मात्रा. ५ मिलिलिटरला निवळलं असेल तर वीस लिटरच्या घागरीला १०० मिलिलिटर, म्हणजे एक ग्रॅम तुरटी. पुराचं पाणी रोज बदलतं, म्हणून ही चाचणीही रोज पुन्हा करा.

जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ, असं नाही. मात्रा फार वाढली की कणांवर उलटा भार चढतो आणि ते पुन्हा तरंगतात. पाणीही तुरट लागतं. पावसाचं पाणी जास्त मिसळलेलं असेल तर साका धरत नाही, कारण त्यात तुरटीशी क्रिया करणारे क्षार कमी असतात. तेव्हा चुन्याची निवळी दोन-तीन चमचे घालून बघा. निवळलेलं पाणी गाळ न हलवता वरून काढा, चौपदरी कापडातून गाळा आणि मग क्लोरीनची गोळी वेष्टनावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा, नाहीतर खळखळून उकळा. गोळी गढूळ पाण्यात आधी टाकली तर क्लोरीन गाळावरच खर्च होतो.

प्रश्न : विहीर खोदताना काळ्या खडकात पोकळी लागली, आत पांढरे, काही हिरवट, चमकणारे स्फटिक. गावात हिरे निघाले म्हणून बोभाटा झाला आहे. (भुदरगड तालुका)

उत्तर : हिरे नाहीत. हिरे किंबरलाइटसारख्या वेगळ्याच खडकात सापडतात, मध्य प्रदेशात पन्ना भागात आहेत तसे. आपला खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा गोठताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी फिरलं आणि भिंतींवर स्फटिक वाढले. महाराष्ट्रातल्या या स्फटिकांना जगभरच्या संग्रहालयांत मान आहे.

ओळखायला दोन मिनिटं लागतात. फुटलेला बारीक तुकडा घ्या, चांगला स्फटिक खराब करू नका. काचेवर ओढा, काचेवर खोल ओरखडा उठला तर गार. गारेचा कठीणपणा ७, काचेचा साडेपाच. ओरखडा उठला नाही तर त्या तुकड्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की कॅल्साइट. दोन्ही नाही, चाकूनं खरवडता येतो आणि पापुद्र्यांवर मोत्यासारखी झाक आहे, तर झिओलाइट गटातला स्टिलबाइट किंवा त्यांच्या सोबतीनं येणारा अपोफिलाइट. हिरवट बहुधा अपोफिलाइटच असेल. किंमत येते ती अखंड, न तुटलेल्या झुपक्याला. सुरुंगानं पोकळी उडवली तर उरतो तो चुरा. खनिज विकण्याचे सरकारी नियम आहेत, त्यामुळे विक्रीआधी तहसील कार्यालयात विचारा. झिओलाइटच्या रेणूएवढ्या छिद्रांचा गुण माणसानं ओळखला आणि ती कारखान्यात बनवायला घेतली. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन अडवतं ते अशाच कृत्रिम झिओलाइटवर.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी : कोल्हापूर जिल्ह्यातलं महत्त्वाचं खनिज कोणतं? (इयत्ता नववी, राधानगरी)

उत्तर : बॉक्साइट, ॲल्युमिनियमचं खनिज. शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगडच्या सड्यांवर ते जांभ्याबरोबर मिळतं. लाखो वर्षांच्या पावसानं बेसॉल्टमधली सिलिका आणि इतर विरघळणारे घटक धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. ॲल्युमिनियम जास्त राहिलं तिथे बॉक्साइट झालं. साधारण ४ ते ५ टन बॉक्साइटपासून २ टन ॲल्युमिना आणि त्यातून १ टन ॲल्युमिनियम मिळतं. शेवटच्या टप्प्याला टनामागे १३ ते १५ हजार युनिट वीज लागते, म्हणून धातू खाणीजवळ न बनवता वीज जिथे स्वस्त तिथे बनवतात. जुना डबा वितळवून पुन्हा वापरला तर त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. प्रकल्पात दुसरी बाजूही लिही : सड्यावरची पातळ माती आणि पावसाळी फुलं खाणीबरोबर जातात, आणि खड्डा बुजवला म्हणून सडा परत होत नाही.

प्रश्न : नवा पाटा-वरवंटा घेतला. वाटणात खर येते. (कागल)

उत्तर : टाकी लावल्यावर, म्हणजे छिन्नीनं टोचल्यावर, सुटे झालेले कण निघेपर्यंत खर येणारच. आधी ब्रशनं कोरडाच घासून धुवा. मग जाडं मीठ वाटून टाका, त्यानंतर भिजवलेले तांदूळ. तांदळाचं वाटण राखाडी येतं तोवर फेकून द्या. तीन-चार वेळांत पांढरं येऊ लागतं. साबण लावू नका, तो छिद्रांत बसतो आणि पुढच्या चटणीत उतरतो. इतकं करूनही खर येत असेल तर दगड निरखून बघा. पांढरे ठिपके दिसले तर ते बुजलेल्या बुडबुड्यांमधले मऊ स्फटिक. ते सुटत राहणार आणि त्यांच्या जागी खळगे पडणार. तसा पाटा परत करा. घेताना वरवंट्यानं हळूच ठोकून बघायचं : अखंड, घट्ट दगड खणखणीत वाजतो, चीर असलेला बद्द.